डेडस्टॉक क्रमांक एकोणीस

कॉलेजच्या दिव्यांग सहाय्य कक्षातल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर टाकलेला होता. दिवा लावलेलं भिंग अठरा, घडीची चाकाची खुर्ची वीस. मधला एकोणीस नंबर कुठेच दिसत नसे, कारण तो दुभाषीबाईंचा होता.

यात गंमत काही नाही, कागदोपत्री तसंच होतं. बहिऱ्या मुलांना वर्गातलं बोलणं खुणांनी सांगायला कोणीतरी हवं, हे कॉलेजच्या लक्षात आलं तेव्हा दुभाष्याचं पद मंजूर नव्हतं, साधनं मात्र मंजूर होती. मग कक्षप्रमुख साहेबांनी अक्कल लढवली. डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे टिकाऊ सामानाची वही. तिच्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात ओळ लिहिली: 'ध्वनीचे खुणांत रूपांतर करणारे साधन, नग एक.' या युक्तीचं त्यांना एवढं कौतुक की येईल त्या पाहुण्याला ते ती ऐकवत आणि ऐकवताना बाईंकडे बोट दाखवत. बाई ते सगळं समोरच्या मुलांना खुणांनी सांगत, मुलं साहेबांकडे बघून खदाखदा हसत, आणि साहेबांना वाटे, मुलं आपल्यावर किती खूश आहेत.

वर्षातून एकदा भांडारातला कारकून वही घेऊन सामान मोजायला येई. "अठरा?" भिंग. "एकोणीस?" बाई म्हणत, "हजर." कारकून 'चालू स्थितीत' असा शेरा मारी आणि खाली मान घालून वीस नंबरकडे वळे. पहिल्या वर्षी त्याने बिचकत विचारलं होतं की नंबर कुठे टाकू. बाईंनी बाही कोपरापर्यंत वर सारून हात पुढे केला. तो ब्रश बादलीत टाकून जो पळाला, तो पुन्हा रंगाचं नाव काढेना.

असा हा कक्ष. बहिऱ्या विद्यार्थ्यांनी दुभाषी हवा असल्यास दूरध्वनी करून वेळ ठरवावी, अशी सूचना दारावर लावलेली. आंधळ्या मुलांसाठी ब्रेलमधलं एक सूचनापत्रकही होतं, पण हात लागून ते मळेल म्हणून साहेबांनी त्याला काचेची फ्रेम करून घेतली होती. आंधळी मुलं येऊन काच चाचपत आणि निघून जात. चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेल्या उताराच्या टोकाला दोन मोठ्या कुंड्या ठेवलेल्या, कारण मोकळा उतार साहेबांना उघडाबोडका दिसे. मदत करायची हौस दांडगी. फक्त ज्यांना करायची त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

बहिऱ्या मंडळींत माणसाचं नाव अक्षरांनी घेत बसत नाहीत. ज्याची जी लकब नजरेत भरते, तीच त्याची खूण. साहेबांना बोटाभोवती किल्ल्यांचा जुडगा गरागरा फिरवायची सवय, म्हणून ते 'किल्ली'. बोलायला लागण्याआधी बाई दोन्ही बाह्या वर सारत, म्हणून त्या 'बाही'. आणि रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती, सुताराची लेक. एखादी गोष्ट पटली नाही की तिची डावी भुवई एकटीच वर चढे. तिचं नाव 'भुवई'. कोणी तिला 'बिचारी' म्हटलं की ती भुवई थेट केसांना जाऊन भिडे. बाईंनाही 'बहिरी' या शब्दाचं काही वाटत नसे. त्यांचं डोकं फिरायचं ते 'बिचारी'ने.

बाईंचे आईवडील दोघेही बहिरे. वडील छापखान्यात पुस्तकं बांधत; यंत्रांच्या खडखडाटात इतरांचे कान किटत, हे निवांत असत. आई घरी बसून कपड्यांना काजं-बटणं करी. घरात ऐकू येणारी एकटी ही. त्यामुळे दुकानदार, घरमालक, शाळेतले मास्तर, सगळ्यांचं बोलणं हिच्या चिमुकल्या हातांतून आत यायचं. ती दहा वर्षांची असताना वडिलांचं पोट दुखायला लागलं. दवाखान्यात तपासून झाल्यावर डॉक्टर तिच्याकडे वाकून म्हणाले, "बाळ, हे बरं होण्यातलं नाही. तीनेक महिने काढतील. पण आईला सांगू नकोस हं, घाबरेल ती. औषध चालू ठेवा एवढंच सांग." शहाणी मुलगी होती. तिने आईला सांगितलं, औषध चालू ठेवा. आणि तीन महिने एवढा मोठा धोंडा त्या एवढ्याशा पोटात ठेवला.

वडील गेल्यावर तिला ते पेलवेना आणि तिने आईला खरं काय ते सांगितलं. आई रडली नाही. मांडीवरचा बटणांचा डबा तिने बाजूला ठेवला. मग हातांनी, एकेक खूण सावकाश करत म्हणाली, "कान तुझे आहेत. पण माझ्यासमोर बोललेलं माझं आहे. मला माहीत असतं तर मी तीन महिने बटणं लावत बसले नसते. त्यांच्याजवळ बसले असते."

त्या दिवसापासून बाईंचा एकच नियम. बहिरा माणूस खोलीत असेल तर खोलीत बोललेलं सगळं त्याचं. मास्तरांची शिकवणी, मागच्या बाकावरची कुजबुज, दाराबाहेर कोणी झाडलेली शिवी, सगळं. गाळायचं काही नाही, पदरचं घालायचं काही नाही. आणि बहिरा माणूस बोलला की त्याचं बोलणं आपल्या आवाजात, 'मी' म्हणून. 'ती म्हणतेय की' वगैरे नाही. एका बाबतीत मात्र बाईंना आपल्या मनाने घ्यावं लागे. खुणांमध्ये 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे नसतात, समोर रोखलेलं एक बोट असतं. त्या बोटाचं काय करायचं हे बाई ठरवत, आणि कॉलेजात अकरा वर्षं त्यांनी प्रत्येक बोटाचं इमानाने 'तुम्ही' केलं होतं.

भुवईला नोकरी हवी होती ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. तिथे चाळणी परीक्षा झाली, त्यात ती वरच्या तिघांत आली. अट एकच उरली होती: शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात आणि तोंडी परीक्षेत शंभरात किमान सत्तर. एकोणसत्तर मिळाले तरी जागा दुसऱ्याला. ते पत्र ती घडी घालून प्रकल्पाच्या फायलीत ठेवायची. त्या नोकरीच्या अर्जावर शिफारस म्हणून किल्लीसाहेबांची सही होती, म्हणजे सत्तरची अट त्यांच्या डोळ्यांखालून गेलेली होती. पण वाचून सही करणारी माणसं वेगळी.

तिचा प्रकल्प होता कपडे रंगवण्याच्या कारखान्यातल्या सांडपाण्याचा. त्या पाण्यातला रंग लाकडाच्या भुशाने काढता येतो का, हे तिने वर्षभर तपासलं. भुसा अर्थातच बापाच्या करवतीखालचा. रसायनशास्त्रातल्या नव्या शब्दांना खुणा नव्हत्या, त्या तिने आणि बाईंनी मिळून तयार केल्या. कधी एका खुणेवर दोघी अर्धा तास भांडत. बाईंना रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भांडणात त्या मागे हटत नसत.

तोंडी परीक्षेला दुसऱ्या कॉलेजातून परीक्षक आले होते. दुपारचे दोन वाजले होते. परीक्षकांची बॅग मांडीवर, नजर घड्याळावर. किल्लीसाहेबांचं तिथे काही काम नव्हतं, पण कक्षाचे प्रतिनिधी म्हणून ते शिक्का, पॅड आणि शाईची बाटली घेऊन शेजारी बसले होते. शिक्क्याशिवाय ते बहुधा झोपायलाही जात नसावेत.

"सर, ही आमची कर्णबधिर विद्यार्थिनी," साहेब म्हणाले. बाईंचे हात हलायला लागले.

"अजिबात ऐकू येत नाही?"

"अजिबात. आता हिला काय विचारणार तुम्ही? विचारलं तरी उत्तर या बाईंच्या तोंडून येणार. त्यापेक्षा साठ टाकून द्या. बिचारीला पहिला वर्ग मिळतो, घरचे खूश होतात, आमच्या वार्षिक अहवालात एक ओळ वाढते."

"मलाही तीनची गाडी आहे," परीक्षक म्हणाले. त्यांचा चेहरा असा खुलला, जणू शाळकरी पोराला सुट्टी मिळाली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि गुणांच्या रकान्यात साठ लिहिले, आधी आकड्यात, मग अक्षरात.

बाईंचे हात चालूच होते. अहवालातली ओळ, तीनची गाडी, बिचारी, साठ.

किल्लीसाहेबांचं लक्ष तेव्हा कुठे गेलं. "अहो बाई, हे तिला कशाला सांगताय? हे आमचं आपसातलं चाललंय."

बाईंनी तेही सांगितलं.

"बाई, थांबा म्हणतोय."

तेही सांगितलं.

"हात खाली घ्या आधी."

ते सांगायलाही हात वरच असावे लागतात. बाईंनी तेही सांगितलं. अकरा वर्षं या माणसासमोर त्या हात हलवत होत्या आणि अकरा वर्षं तो त्यांच्यासमोर वाट्टेल ते बोलत होता. पंख्यासमोर माणूस बोलतो तसा. हलणारे हात म्हणजे बोलणं आहे, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. दिव्यांग कक्षाचा प्रमुख हा.

भुवई वर चढली. मुलीचे हात झपाझप चालले आणि बाईंच्या तोंडून शब्द आले, "मला एकही प्रश्न न विचारता साठ कसे दिलेत तुम्ही?"

परीक्षक बाईंकडे बघून म्हणाले, "तुम्हाला नाही हो दिले. तिला दिले."

"बाई, तुम्ही मध्ये बोलू नका," साहेब म्हणाले. "तुमची काही परीक्षा नाहीये."

"हे ती बोलतेय, साहेब. मी फक्त आवाज देतेय," बाई म्हणाल्या, आणि आपलं हे वाक्यही त्यांनी मुलीला सांगून टाकलं. मुलीने फायलीतलं पत्र काढून परीक्षकांपुढे ठेवलं. बाईंचा आवाज पुन्हा तिचा झाला. "मला सत्तर लागतात. साठ देऊन तुम्ही माझी नोकरी घालवताय. आणि माझ्यावर उपकार केले म्हणून घरी जाणार आहात. प्रश्न विचारा."

परीक्षकांनी पत्र वाचलं, साहेबांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. शेवटी बॅग मांडीवरून खाली ठेवली. "भुसा आधी उकळत्या पाण्यात का धुतला?"

"त्याचा स्वतःचा रंग असतो. तो आधी नाही काढला तर नंतर पाण्यात उतरतो, मग माझी मोजमापं चुकतात."

"पाणी आम्लधर्मी असताना काय फरक पडला?" तिने आकड्यांसकट सांगितलं. चार प्रश्न झाले, पाच झाले. परीक्षक खुर्चीत पुढे सरकून बसले. मग त्यांनी विचारलं, "पाण्यातल्या रंगाचं भुशात नेमकं काय होतं?"

मुलीने उत्तर दिलं. बाई म्हणाल्या, "तो शोषला जातो."

"शोषला जातो? म्हणजे आत मुरतो?"

मुलीने जोरात मान हलवली आणि पुन्हा खूण केली. बाई पुन्हा म्हणाल्या, "नाही, शोषला जातो."

"मुरत नाही आणि शोषलाही जातो? असं कसं?" परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "सगळ्या प्रकल्पाचा पायाच कळलेला नाही तुला."

"म्हणूनच म्हणत होतो, सर," किल्लीसाहेब म्हणाले. जुडगा पुन्हा फिरायला लागला.

मुलीने दुसऱ्यांदा खूण केली तेव्हा बाईंनी नीट बघितलं होतं. मूठ दुसऱ्या मुठीत शिरते ते आत मुरणं. आणि बोटांची टोकं तळहाताच्या पाठीवर येऊन बसतात, तिथेच चिकटतात, ती खूण निराळी. अर्धा तास भांडून ठरवलेली. तिला निराळा शब्द होता, मुलीने तो दहा वेळा लिहून दाखवला होता, आणि आता ऐन वेळी तो डोक्यातून साफ उडाला होता. दोन खुणांना बाईंनी एकच शब्द दिला होता. मूग गिळून बसल्या असत्या तर चूक मुलीच्या नावावर जाणार होती, आणि कोणाला कळलंही नसतं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे, तिची नाही. तिने बरोबर खूण केली, मी चुकीचा शब्द दिला. खरा शब्द मला आठवत नाहीये." आणि हेही त्यांनी मुलीला सांगितलं.

"घ्या," साहेब म्हणाले. "साधनच असं म्हटल्यावर काय करायचं?"

मुलगी क्षणभर बाईंवर भडकली, ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मग तिने टेबलावरच्या पेटीतून एक पांढरा खडू उचलला. साहेबांच्या पुढ्यातली शिक्क्याची शाई ओढून घेतली आणि खडू त्यात बुडवला. साहेब "अरे, अरे" करेपर्यंत तिने तो बाहेर काढला, कागदाने टिपला आणि मधोमध मोडला.

बाहेरून खडू जांभळा झाला होता. आतून पांढराच होता, पण ओलसर. मुलीने बाहेरच्या जांभळ्या कडेवर बोट ठेवलं आणि खूण केली: बोटांची टोकं तळहाताच्या पाठीवर, चिकटलेली. मग आतल्या ओलीवर बोट ठेवलं आणि मूठ मुठीत घातली. पुन्हा जांभळ्यावर. मग भुवई वर करून ती परीक्षकांकडे बघत राहिली.

"अधिशोषण," परीक्षक हळूच म्हणाले. "रंग वरच चिकटतो, ते अधिशोषण. पाणी आत मुरतं, ते शोषण." त्यांनी खडूचे तुकडे हातात घेऊन उलटेपालटे केले. "पुस्तकातून इतकी वर्षं शिकवतोय मी हे. खडू कधी मोडला नाही."

तीनची गाडी गेली. पावणेचारपर्यंत प्रश्न चालले होते. शेवटी परीक्षकांनी साठच्या आकड्यावर रेघ मारली.

"सर, गुणपत्रकात खाडाखोड चालत नाही," साहेब कळवळून म्हणाले.

"मग न विचारता लिहिलेलं तरी कसं चालतं?" असं म्हणून त्यांनी वर ब्याऐंशी लिहिले आणि बाजूला सही केली. परीक्षक काही देवमाणूस वगैरे निघाले नाहीत. जाताना बाईंना म्हणालेच, "हुशार आहे हो पोरगी, बोलता येत नाही तरी." तास-दीड तास ती बोलतच होती. बाईंनी तेही तिला सांगितलं, आणि दोघी पोट धरून हसल्या.

महिन्याभराने कारकून वही घेऊन सामान मोजायला आला. भुवई त्या दिवशी दाखला न्यायला आली होती. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं. साहेब टेबलाशी बसून सह्या करत होते.

"अठरा?" भिंग होतं. "एकोणीस?"

"हजर," बाई म्हणाल्या.

कारकुनाने शेरा मारला नाही. शेरा आधीच लिहिलेला होता, साहेबांच्या सुवाच्य अक्षरात. त्याने वही बाईंच्या पुढे सरकवली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभा राहिला. बाईंनी मोठ्याने वाचलं आणि वाचता वाचता हातांनी सांगितलं: "नादुरुस्त. सांगण्याजोगे व न सांगण्याजोगे यांत फरक करीत नाही. रद्द करावे."

"हे तिला सांगायची काही गरज नव्हती," साहेब मान वर न करता म्हणाले. तेही सांगून झालं.

मुलीने साहेबांवर बोट रोखलं. बाईंनी त्या बोटाकडे नीट बघितलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा निराळा शब्द निवडला. "तू हिच्या जागी काय आणणार आहेस?"

साहेबांच्या कानात ते 'तू' शिरलं, पण ते कोणाचं धरायचं हे त्यांना उमजेना. रागवायचं कोणावर? "यंत्र आणतोय," ते शेवटी म्हणाले, आणि यंत्राच्या आठवणीने त्यांना बरंही वाटलं. "भिंतीवर मोठा पडदा. खोलीत कोणी काही बोललं की त्याची अक्षरं पडद्यावर. वाद घालत नाही, रजा मागत नाही."

"बोललेलं सगळं उमटतं?"

"सगळं. एक शब्द गाळत नाही," साहेब अभिमानाने म्हणाले.

भुवई केसांपर्यंत गेली. बाईंनी हे वाक्य दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा निव्वळ स्वतःच्या सुखासाठी. कारकुनाच्या खांद्यांवरून तोही हसत असावा असं दिसत होतं. फक्त साहेबांना काहीच कळलं नव्हतं. ते जुडगा फिरवत दुसऱ्या सहीकडे वळले.

बाई घरी आल्या तेव्हा आई खिडकीत बसली होती. वय झालं होतं, नजर अधू झाली होती, तरी बटणांचा डबा जवळ असे. बाईंनी उजेडात बसून सगळं सांगितलं. साठ, खडू, ब्याऐंशी, आणि वहीतला शेरा, शब्द न् शब्द. आईने शेरा पुन्हा सांगायला लावला. मग ती हसली, बहिरी माणसं हसतात तशी मोठ्याने, आवाजाची पर्वा न करता. हसणं ओसरल्यावर तिचे हात पुन्हा वर आले.

"हे त्या डॉक्टरला सांग," आई म्हणाली.

कोणता डॉक्टर हे विचारावं लागलं नाही. "तो कधीच गेला, आई."

"माहीत आहे. तरी सांग."

बाईंनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड केलं आणि दोन्ही बाह्या वर सारल्या.